जळालेल्या अहवालाची उरलेली प्रत

सरकारी कचेरीत कागद जाळायचा म्हटला, तरी त्याचा एक कागद करावा लागतो. २९ जून १९४३ रोजी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लष्करी कमांडमध्ये थिओडोर स्मिथ नावाच्या वॉरंट ऑफिसरने असाच एक कागद केला. एका अहवालाची गॅली प्रुफं, पानं, मसुदे आणि टिपणं आपल्यासमक्ष जाळण्यात आली, असं त्याने लिहिलं आणि खाली सही केली. सांगितलं ते केलं, केलं ते नोंदवलं. नोकरमाणसाने याहून वेगळं काय करायचं?

आठच दिवसांपूर्वी, २१ जूनला, वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गॉर्डन हिराबायाशी या विद्यार्थ्याचं अपील एकमताने फेटाळलं होतं. जपानी वंशाच्या लोकांवर लादलेली रात्रीची संचारबंदी त्याने मोडली होती. युद्धाच्या धामधुमीत निष्ठावान कोण आणि घातकी कोण हे एकेकाला तपासून ठरवायला वेळ नव्हता, म्हणून सगळ्या जमातीवर एकच नियम लावावा लागला, असा सरकारी बाजूचा सूर होता आणि न्यायमूर्तींना तो पटला. त्या कमांडच्या भट्टीत गेलेल्या अहवालात मात्र नेमकं याच्या उलट लिहिलेलं होतं. वेळेचा प्रश्नच नव्हता, असं त्यात म्हटलं होतं. आणि ते लिहिणारा कुणी टीकाकार नव्हता. ज्याने हुकूम काढला तो सेनापतीच ते म्हणत होता.

या सेनापतीचं नाव लेफ्टनंट जनरल जॉन डेविट. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. कुठल्याही भागातून कुणालाही हलवण्याचा अधिकार त्यातून लष्कराला मिळाला. आदेशात जपानी हा शब्दसुद्धा नव्हता. पण डेविट यांनी एकामागून एक फर्मानं काढली ती मुख्यतः जपानी वंशाच्या माणसांसाठी. आधी संचारबंदी, मग किनारा सोडून जायला बंदी, आणि शेवटी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी, हातात मावेल तेवढं सामान घेऊन हजर व्हायचं. सुमारे १ लाख २० हजार माणसं या रीतीने काटेरी तारांच्या आड गेली. त्यातली दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे जन्माने नागरिक होती. उरलेल्यांना नागरिकत्व का नव्हतं, तर कायद्याने ते मागायचीच त्यांना मनाई होती.

हे सगळं का केलं, याचा खुलासा डेविट यांनी एका जाडजूड अहवालात केला. १५ एप्रिल १९४३ ही त्यावरची तारीख. छापून, बांधून मोजक्या प्रती तयार झाल्या, आणि त्यातली एक युद्ध खात्यातले उपमंत्री जॉन मॅक्लॉय यांच्या टेबलावर आली. ती वाचून मॅक्लॉय हादरले असावेत. या जमातीतली मेंढरं आणि शेरडं वेगळी करणं मुळात शक्यच नाही, कितीही वेळ दिला तरी नाही, असं डेविट यांनी बायबलची उपमा वापरून ठणकावलं होतं. म्हणजे दोष वंशातच. इकडे हिराबायाशीच्या खटल्याचा युक्तिवाद मे महिन्यात उभा राहायचा होता, आणि तिथे सरकार सांगणार होतं की वेळ नव्हता म्हणून नाइलाज झाला. मुख्य साक्षीदाराचं तोंड असं उलट्या दिशेला वळलेलं.

मग जे घडलं ते कुठल्याही कचेरीत घडतं तसं घडलं. फोन झाले, तारा गेल्या. डेविट आधी अडून बसले. माझ्या अहवालातला शब्द बदलणार नाही, म्हणाले. त्यांचे उजवे हात असलेले कर्नल कार्ल बेंडेटसेन यांनी मधला रस्ता काढला. वाक्यं बदलली. वेळेचा प्रश्न नव्हता हा मजकूर गेला आणि त्याजागी निष्ठा तपासायचं हाताशी तयार साधन नव्हतं असं गुळमुळीत काहीतरी आलं. जुन्या प्रती परत मागवून जाळल्या, त्या वॉशिंग्टनला पोचल्याच्या नोंदीही काढून टाकल्या. सुधारलेला अहवाल जानेवारी १९४४ मध्ये जगासमोर आला तेव्हा त्याच्या आधी दुसरा काही होता, हे न्याय खात्याच्या वकिलांनाही ठाऊक नव्हतं. युद्ध खात्याने आपल्याच वकिलांपासून हे लपवलं होतं.

आता याच फर्मानांखाली पकडल्या गेलेल्या आणखी एकाकडे, फ्रेडकडे, वळू. फ्रेड कोरेमात्सु ओकलंडचा. आईबापांची फुलांची नर्सरी. लष्करात जायला निघाला तर पोटातल्या अल्सरमुळे परत पाठवला गेला, म्हणून वेल्डिंग शिकला. पर्ल हार्बरनंतर तीही कामं हातून गेली. वय २३, आणि आयडा नावाच्या इटालियन वंशाच्या मुलीवर प्रेम. घरचे लोक छावणीत जायला निघाले तेव्हा हा मागे राहिला. नाव बदलून क्लाइड साराह झाला, ओळखपत्रावर खाडाखोड केली, आणि डोळ्यांची व नाकाची ठेवण बदलावी म्हणून एका डॉक्टरकडून स्वस्तातली शस्त्रक्रियाही करून घेतली. चेहरा जिथल्या तिथेच राहिला. ३० मे १९४२ ला सॅन लिअँड्रोच्या एका कोपऱ्यावर तो पकडला गेला.

वीरपुरुषाची ही गोष्ट नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. हिराबायाशी क्वेकर पंथाचा, तत्त्वासाठी स्वतः होऊन एफबीआयपुढे उभा राहिलेला. पोर्टलंडचा मिनोरू यासुई वकील. संचारबंदीची वेळ उलटल्यावर मुद्दाम रस्त्यावर हिंडला आणि आपल्याला पकडत का नाहीत म्हणून पोलीस ठाण्यात गेला. नऊ महिने त्याला एकांतकोठडीत ठेवलं. फ्रेडला यातलं काही करायचं नव्हतं. त्याला मुलीबरोबर राहायचं होतं. पण तुरुंगात नागरी हक्क संघटनेचे अर्नेस्ट बेसिग भेटायला आले, खटला लढवतोस का विचारलं, आणि हा हो म्हणाला. पाच हजार डॉलरचा जामीन भरला गेला, पण तुरुंगाच्या दारातच लष्करी पोलिसांनी त्याला उचललं आणि टॅनफोरॅनला नेलं. टॅनफोरॅन म्हणजे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. तबेल्यांना चुना फासून त्यात कुटुंबं ठेवली होती. आपल्याच माणसांनी तिथे फ्रेडला जवळ केलं नाही. कशाला विस्तवाशी खेळायचं, असा सगळ्यांचा भाव होता. सप्टेंबर १९४२ मध्ये तो दोषी ठरला. पाच वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे कागदोपत्री मोकळा; प्रत्यक्षात पुढची रवानगी युटाच्या वाळवंटातल्या टोपाझ छावणीत.

त्याचा खटला वरच्या कोर्टात चढत असताना न्याय खात्यात दोन माणसं अस्वस्थ होती. एडवर्ड एनिस आणि जॉन बर्लिंग. दोघे सरकारी वकील, दोघांची कामं याच खटल्यांची. एनिस यांच्या हाती नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातल्या केनेथ रिंगल या अधिकाऱ्याचा अहवाल आला होता. रिंगल टोकियोत राहिलेला, जपानी बोलणारा. १९४१ मध्ये लॉस एंजेलिसच्या जपानी वाणिज्य दूतावासात गुपचूप शिरून त्याने हेरांची कागदपत्रं मिळवली होती. थोडक्यात, या विषयात त्याच्याइतका जाणता माणूस सरकारजवळ क्वचितच असेल. जानेवारी १९४२ मध्ये, म्हणजे रूझवेल्टच्या सहीच्या आधी, त्याने लिहून दिलं होतं की हा सगळा बागुलबुवा मुख्यतः चेहऱ्यामोहऱ्यामुळे वाढला आहे. धोक्याची माणसं फार तर तीन टक्के, त्यातली बहुतेक ठाऊक आहेत किंवा ताब्यात आहेत. एकेकाला तपासा, वंशावर जाऊ नका.

३० एप्रिल १९४३ ला एनिस यांनी सॉलिसिटर जनरल चार्ल्स फाही यांना टिपण पाठवलं. रिंगलचा अहवाल आहे हे न्यायालयाला सांगणं आपलं कर्तव्य ठरतं की काय याचा विचार व्हावा, नाहीतर आपण पुरावा दडपल्यासारखं होईल, असा त्याचा आशय. सरकारी पत्रव्यवहारात आपल्या वरिष्ठाला याहून स्पष्ट सांगता येत नाही. फाही यांनी ते न्यायालयाला सांगितलं नाही. हिराबायाशी हरला.

पुढच्या वर्षी कोरेमात्सुच्या वेळी गोष्ट आणखी पुढे गेली. डेविट यांच्या छापील अहवालात म्हटलं होतं की किनाऱ्यावरून शत्रूच्या पाणबुड्यांना दिव्यांनी आणि चोरट्या रेडिओंनी संदेश जात होते. न्याय खात्याने एफबीआयला विचारलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये एडगर हूवर यांच्याकडून उत्तर आलं: आमच्याकडे असं काही नाही. मग दळणवळण आयोगाला विचारलं. एप्रिलमध्ये आयोगाचे अध्यक्ष जेम्स फ्लाय यांचं पत्र आलं. प्रत्येक तक्रार तपासली, एकही चोरटा रेडिओ सापडला नाही, आणि हे डेविटना त्याच वेळी कळवलं होतं. लष्कराचे रेडिओवाले इतके अडाणी होते की जपानमधून येणारे सिग्नलही त्यांना शेजारचे वाटत. म्हणजे डेविट यांना ठाऊक होतं. ठाऊक असून लिहिलं.

बर्लिंग चिडले. सरकारच्या लेखी निवेदनात त्यांनी एक तळटीप घातली. रेडिओ आणि इशाऱ्यांबद्दल या अहवालात जे म्हटलं आहे ते न्याय खात्याकडच्या माहितीशी जुळत नाही, म्हणून त्या भागाची न्यायालयाने दखल घ्यावी असं आम्ही म्हणत नाही, असा तिचा मतलब होता. एका कोपऱ्यातली तीन वाक्यं. पण त्या तीन वाक्यांवर सगळा डोलारा उभा होता, आणि युद्ध खात्यातल्या माणसांना ते लगेच कळलं. ३० सप्टेंबर १९४४ ला निवेदन छापखान्यात असताना मॅक्लॉय यांच्या खात्याकडून सूत्रं हलली आणि छपाई थांबली. एनिस आणि बर्लिंग वरपर्यंत भांडले. अहवालात हेतुपुरस्सर खोटी विधानं आहेत आणि न्याय खातं त्याला आपलं नाव लावतंय, असं बर्लिंग यांनी लेखी कळवलं. शेवटी हर्बर्ट वेक्स्लर या हुशार वरिष्ठाने नवी तळटीप लिहून दिली. आमच्या निवेदनात ज्या गोष्टी मांडल्या आहेत तेवढ्यापुरताच आम्ही या अहवालावर विसंबतो, अशा काहीशा शब्दांची. शब्दकोशातला प्रत्येक शब्द बरोबर, आणि वाचणाऱ्याला बोध शून्य. ही तळटीप म्हणजे वकिली भाषेचा एक उत्तम नमुना आहे. खोटं कुठेही नाही, खरंही कुठे नाही.

एनिस आणि बर्लिंग यांनी राजीनामे दिले नाहीत. निवेदनावर सह्या केल्या. त्यांना दोष द्यावा का? मला स्वतःला द्यावासा वाटतो, आणि नाहीही. राजीनामे दिले असते तर दोन दिवस वर्तमानपत्रांत नाव झालं असतं. पण ते राहिले, आणि टिपणं फायलीत राहिली. पुढच्या सगळ्या गोष्टीचा आधार त्याच फायली आहेत.

ऑक्टोबरमध्ये युक्तिवाद झाला. विरुद्ध बाजूच्या चाणाक्ष वकिलाने त्या विचित्र तळटिपेकडे बोट दाखवलंच. यावर फाही यांनी भरल्या कोर्टात ग्वाही दिली की सरकार या अहवालाच्या शब्दाशब्दाच्या पाठीशी आहे. १८ डिसेंबर १९४४ ला निकाल आला. सहा विरुद्ध तीन. ह्यूगो ब्लॅक यांनी बहुमताचा निकाल लिहिला, आणि लष्कराचं म्हणणं डावलायला काही कारण दिसत नाही, असा त्याचा गाभा होता. फ्रँक मर्फी यांनी याला थेट वंशद्वेष म्हटलं. रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की असं तत्त्व एकदा कायद्यात शिरलं की ते बार भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहतं. कुणाचाही हात तिच्याकडे जाईल. आणि हा सगळा कारभार झाला तेव्हा बंदी तशीही उठत आलेली होती. निकालाच्या आदल्याच दिवशी लष्कराने किनारा पुन्हा खुला करत असल्याचं जाहीर केलं.

फ्रेड पूर्वेकडे डेट्रॉइटला गेला, तिथे कॅथरिन पिअर्सन हिच्याशी लग्न केलं, आणि १९४९ मध्ये बायकोला घेऊन परत ओकलंडला आला. आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन म्हणून काम करू लागला. नावावर गुन्हा असल्याने सरकारी नोकरीचा रस्ता बंद. घरात या विषयावर चकार शब्द नाही. मुलगी कॅरन हायस्कुलात गेल्यावर वर्गातल्या एका मैत्रिणीने नेमलेल्या पुस्तकाबद्दल सांगताना कोरेमात्सु हे नाव घेतलं. आपला कुणी लांबचा नातलग असेल असं कॅरनला वाटलं. घरी येऊन आईला विचारलं, तेव्हा कळलं की तो आपला बाप. बापाला विचारलं तर त्याने इतकंच सांगितलं की ते फार पूर्वी झालं, मला जे बरोबर वाटलं ते मी केलं.

अशी चाळीस वर्षं गेली.

१९७८ मध्ये आयको हर्झिग-योशिनागा ही बाई नवऱ्याबरोबर वॉशिंग्टनला राहायला आली. १९४२ मध्ये ती लॉस एंजेलिसच्या हायस्कुलात शेवटच्या वर्षाला होती. मुख्याध्यापकांनी जपानी मुलामुलींना बोलावून सांगितलं की तुमच्या लोकांनी पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले, तुम्हाला पदवीचा कागद मिळणार नाही. मग मान्झानारची छावणी. तिचा नवरा जॅक युद्धात जपान्यांशीच लढलेला छत्रीधारी सैनिक. या बाईला कायद्याचं किंवा इतिहासाचं शिक्षण नव्हतं. ती रोज उठून राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊ लागली, आणि माझ्याबद्दल सरकारने काय लिहून ठेवलंय ते बघू या, इतकाच तिचा हेतू होता. कुठली फाईल कुठल्या पेटीत, कुठल्या पेटीतलं पान दुसऱ्या कुठल्या पेटीत सापडतं, याच्या नोंदी करत ती इतकी तरबेज झाली की काँग्रेसने नेमलेल्या चौकशी आयोगाने तिला संशोधक म्हणून घेतलं.

१९८२ मध्ये एके दिवशी अभिलेखागारातल्या एका अधिकाऱ्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर तिला एक बांधलेला ग्रंथ दिसला. डेविट यांचा अहवाल. तो तिला जवळजवळ पाठ होता. पण पानांत हाताने केलेल्या दुरुस्त्या होत्या, आणि काही वाक्यं वेगळीच होती. जाळायला काढलेल्या प्रतींपैकी एक कशी कोण जाणे भट्टीतून निसटली होती. दुसऱ्या कुणी ती उघडून बघितली असती आणि पुन्हा ठेवून दिली असती. तिला छापील प्रतीतलं प्रत्येक वाक्य माहीत होतं, म्हणून काय बदललंय ते दिसलं.

त्याच सुमारास पीटर आयर्न्स हा कायद्याच्या इतिहासाचा अभ्यासक न्याय खात्याच्या जुन्या खोक्यांत शिरला होता. या खटल्यांत वकील कसे वागले यावर त्याला पुस्तक लिहायचं होतं. माहिती अधिकाराच्या अर्जावर मिळालेल्या फायली उघडल्या तर वरच एनिस आणि बर्लिंग यांची टिपणं. त्याला पुस्तक बाजूला ठेवावं लागलं, कारण हा पुरावा होता. जानेवारी १९८२ मध्ये तो सॅन लिअँड्रोला फ्रेडच्या घरी गेला. फ्रेडने कागद हातात घेतले आणि पाइप ओढत बराच वेळ एक शब्द न बोलता वाचले. मग मान वर करून विचारलं, तुम्ही माझे वकील व्हाल का?

खटला लढवायला जी मंडळी जमली ती बहुतेक तिशीतली, तिसऱ्या पिढीतली. डेल मिनामी, लॉरेन बन्नाई, डॉन तमाकी, कॅरन काई असे अनेकजण. त्यातल्या बऱ्याच जणांचे आईबाप याच छावण्यांतून आलेले. कुणी एक पैसा घेतला नाही.

पण चाळीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेली गोष्ट परत उघडायची कशी? अपील संपलेलं, शिक्षा भोगून झालेली. इथे जुन्या इंग्लिश कायद्यातला एक गंजलेला रिट उपयोगी आला: कोरम नोबिस, म्हणजे 'आमच्यापुढे'. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच कोर्टापुढे जाऊन म्हणायचं की तुमच्यासमोर वस्तुस्थितीच चुकीची ठेवली गेली होती. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॉर्गन खटल्यात हा मार्ग शिक्षा पुरी झाल्यावरही खुला असल्याचं सांगितलं होतं. नवा खटला नाही, जुनाच खटला. म्हणून फ्रेडच्या अर्जावर क्रमांकही जुनाच पडला: २७६३५.

आपल्या वकीलमंडळींना यात अपरिचित काही वाटू नये. एकतर्फी मनाई हुकूम घेताना महत्त्वाची गोष्ट दडवली तर दुसरी बाजू हजर होताच तो हुकूम उठतो, हे तालुक्याच्या कोर्टातही रोज घडतं. १९९३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या निकालात, एका वाटपाच्या दाव्याबाबत याहून पुढे जाऊन सांगितलं. वादीने स्वतःच लिहून दिलेलं हक्कसोडपत्र कोर्टापासून लपवलं होतं. खरं सांगायचं वादीवर कायद्याने बंधन नाही, असं उच्च न्यायालय म्हणालं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते सपशेल खोडून काढलं आणि असा हुकूमनामा मुळातच निरर्थक, तो कुठल्याही कोर्टात, कधीही झिडकारता येतो, असं ठरवलं. फरक इतकाच की आपल्याकडे लपवणारा बहुधा एखादा भाऊबंद असतो. फ्रेडच्या खटल्यात लपवणारा पक्षकार अमेरिकेचं सरकार होतं, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं हीच न्यायालयाची रीत होती.

१९ जानेवारी १९८३ ला अर्ज दाखल झाला. सरकारी बाजूने आधी माफीचा पर्याय सुचवला गेला. फ्रेडचं म्हणणं, माफी कोण कुणाला देणार? द्यायचीच तर आम्ही सरकारला द्यायची. मग सरकारने नवी चाल काढली: शिक्षा रद्द करायला आमची हरकत नाही, फक्त ती का रद्द होते यात न्यायालयाने शिरू नये. म्हणजे ज्या तळटिपेमुळे हे सारं झालं त्याच तळटिपेची ही दुसरी आवृत्ती.

१० नोव्हेंबर १९८३. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फेडरल इमारतीतलं मोठं कोर्ट खचाखच भरलं होतं. म्हातारी माणसं होती बहुतेक, जी चाळीस वर्षांपूर्वी सूटकेस उचलून निघाली होती. न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल. बाईंचं आडनाव वाचून आपल्याकडच्या वाचकाचं मन जरा थबकतं, पण त्या जन्माने अमेरिकनच.

वकिलांचं बोलून झाल्यावर फ्रेड उभा राहिला. १९४२ मध्ये आपल्याला याच न्यायालयात बेड्या घालून आणलं होतं, ते तो म्हणाला. टॅनफोरॅनच्या घोड्यांच्या तबेल्याबद्दल बोलला. माझ्या नावावरचा हा निकाल राहिला तर उद्या कुठल्याही नागरिकाला चौकशीविना कोंडता येईल. सरकारने चूक झाली म्हणावं आणि असं कुणाबाबत पुन्हा होऊ नये, एवढंच मला हवं. चार-दोन मिनिटांचं बोलणं. आयुष्यभर घरात न बोललेला माणूस.

न्यायाधीशांनी निकाल राखून ठेवला नाही. तिथेच सांगितला. सरकारचा हात वर करणं म्हणजे चूक कबूल करण्यासारखंच आहे, पण तेवढ्यावर आम्ही थांबणार नाही, असं म्हणत त्यांनी नोंदवलं की सरकारने प्रस्तुत माहिती न्यायालयापुढे आणली नाही आणि दिशाभूल करणारी माहिती दिली, याला भक्कम आधार आहे. शिक्षा रद्द. लोकांना क्षणभर कळलंच नाही की झालं. मग रडू फुटलं.

पुढच्या एप्रिलमध्ये लेखी निकाल आला. तो सावधपणे वाचायला हवा. पटेल यांनी त्यात कबूल केलं की आपण जिल्हा न्यायाधीश आहोत. वस्तुस्थितीबाबतची चूक दुरुस्त करता येते, सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा जो अर्थ लावला तो खोडता येत नाही. म्हणजे फ्रेड निर्दोष झाला, पण त्याच्या नावाचा निकाल ग्रंथात जसाच्या तसा राहिला. त्याचा उपयोग आता फक्त सावधगिरीचा इशारा म्हणून करावा, असं त्यांनी लिहिलं. बंदूक रिकामी झाली नव्हती. बार ओला झाला होता इतकंच.

यासुईचं नशीब खोटं. पोर्टलंडच्या न्यायाधीशाने १९८४ मध्ये शिक्षा रद्द केली, पण लपवाछपवीत शिरायला नकार दिला. अपील चालू असतानाच १९८६ मध्ये तो वारला. हिराबायाशीच्या वेळी मात्र सरकार लढलं, आणि त्यामुळेच सुनावणी पूर्ण झाली. १९८५ मध्ये सिॲटलला न्यायाधीश डोनाल्ड वूरहीस यांच्यासमोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक म्हातारा वकील आला: एडवर्ड एनिस. ४२ वर्षांपूर्वी जे टिपण त्याने लिहिलं होतं, तेच त्याने आता शपथेवर सांगितलं. वूरहीस यांनी एक शिक्षा रद्द केली, संचारबंदीची ठेवली. अपिलात २४ सप्टेंबर १९८७ ला न्यायाधीश मेरी श्रोडर यांनी तीही काढून टाकली.

दरम्यान आयोगाचा अहवाल आला होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या एकाही नागरिकाने हेरगिरी किंवा घातपात केल्याची कुठेही नोंद नाही, असं त्याने नोंदवलं, आणि त्यातल्या पुराव्याचा मोठा भाग आयकोच्या हाताखालून गेलेला होता. १० ऑगस्ट १९८८ ला रेगन यांनी कायद्यावर सही केली. हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर आणि माफीचं पत्र. मॅक्लॉय यांनी मात्र आयोगापुढे अखेरपर्यंत आपलं काही चुकलं असं मानलं नाही.

फ्रेडला १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ३० मार्च २००५ ला तो गेला. त्याचा जन्मदिवस ३० जानेवारी आता कॅलिफोर्नियात त्याच्या नावाने पाळला जातो.

२० मे २०११ ला सॉलिसिटर जनरलचं काम तात्पुरतं बघणाऱ्या नील कत्याल यांनी, म्हणजे फाही यांच्याच खुर्चीत बसलेल्या, भारतातून आलेल्या आईबापांच्या मुलाने, जाहीर लिहिलं की आमच्या पूर्वसूरीने रिंगलचा अहवाल आणि एफबीआयचं म्हणणं न्यायालयापासून दडवलं, ते चूक होतं. एनिस यांचं टिपण पाठवलं गेल्याला तोवर ६८ वर्षं झाली होती.

मग सर्वोच्च न्यायालयाने स्वतः कोरेमात्सुचा निकाल कधी मागे घेतला? इथे कायद्याची एक गंमत आहे. वरच्या कोर्टाला आपला जुना निकाल तपासायचा तर कुणीतरी ते प्रकरण वर नेलं पाहिजे. फ्रेड जिंकलेला, तो वर कशाला जाईल? हरलं होतं सरकार. सरकारने कोरेमात्सुच्या निकालावर अपील तडीस नेलं नाही. हिराबायाशीच्या निकालानंतरही ते सर्वोच्च न्यायालयात गेलं नाही. २०१८ मध्ये काही देशांतल्या नागरिकांना प्रवेश नाकारणाऱ्या आदेशाविरुद्ध जो खटला उभा राहिला, त्यात मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी कोरेमात्सुचा निकाल तो दिला त्या दिवशीच घोर चुकीचा होता असं लिहिलं, आणि त्याच निकालपत्रात सरकारचा तो आदेश कायम ठेवला.